हातघाईची हत्यारे : आखूड पात्यांची पारख

लढाई हातघाईवर आली की लांब हत्यार अडचणीचे ठरते. तलवारीला वार करण्यापूर्वी मागे जाण्यासाठी जागा लागते, भाल्याला पुढे मोकळे अंतर लागते. किल्ल्याच्या दिंडीदरवाजात, तटावरच्या अरुंद वाटेत, तंबूत किंवा घोड्यावरून खाली ओढलेल्या शत्रूच्या अंगावर असताना ही जागा मिळत नाही. अशा वेळी कमरेच्या शेल्यात खोवलेले वीत-दीड वीत लांबीचे पातेच कामी येते. कट्यार, बिचवा, चिलानम, पेशकब्ज, जांबिया ही सगळी त्याच गरजेतून घडलेली हत्यारे आहेत.

ही गरज जुन्या काळाबरोबर संपली नाही. १९१४च्या अखेरीस फ्रान्समध्ये युद्ध खंदकांत रुतले तेव्हा फ्रेंच पायदळाच्या हाती लेबेल रायफल होती. तिला ५२ सेंटीमीटर पात्याची संगीन लावली की एकूण लांबी सुमारे १.८ मीटर होई. खंदकाच्या वळणावळणाच्या, जेमतेम दोन माणसे अंग चोरून जातील अशा बोळांत हे शस्त्र फिरवताही येत नसे. सैनिकांनी मग संगिनीचे पाते तोडून त्याला लाकडी मूठ बसवली आणि सुरे केले. दख्खनेतल्या कारागिरांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हेच केले होते. युरोपातून आलेल्या लांब तलवारींची तुटलेली पाती त्यांनी कट्यारींना बसवली. आखूड हत्याराची पारख करताना पहिला प्रश्न म्हणूनच असा असतो : हे पाते मुळातच आखूड घडवले आहे, की लांब पात्याचा हा तुकडा आहे?

वर्धेच्या काठचा मुलूख

पारखीला मुलखाच्या इतिहासाचीही मदत होते; उदाहरणादाखल विदर्भातला एक तालुका घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातला राळेगाव तालुका वर्धा नदीच्या पश्चिमेला आहे. या भागातल्या जुन्या वाड्यांत एखादे शस्त्र निघाले तर ते कोठून आले असावे, याचा अंदाज मुलखाच्या इतिहासावरून बांधता येतो. अठराव्या शतकात वऱ्हाडावर नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम यांचा दुहेरी अंमल होता. इंग्रजांशी झालेली अडगावची लढाई आणि गाविलगडाचा पाडाव यांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला. १८५३मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी घेतला. पुढच्या वर्षी नागपूरचे राज्यही खालसा झाले. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई.

या घडामोडींचा शस्त्रांवर थेट परिणाम झाला. भोसल्यांच्या फौजेत मराठ्यांबरोबर अरब शिपायांचा मोठा भरणा होता. नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि त्यानंतर नागपूर शहर अरबांनी डिसेंबर अखेरपर्यंत लढवले. निजामाकडेही अरब पलटणी होत्या. विदर्भात अरबी वळणाचा जांबिया सापडला तर त्यात नवल नाही ते यामुळेच. दुसरीकडे, १८५७नंतरची शस्त्रबंदी आणि १८७८चा शस्त्र कायदा यांमुळे घराघरांतली हत्यारे जमा झाली, मोडीत गेली किंवा विळे-कोयत्यांत रूपांतरित झाली. उरली ती बहुतेक देवघरात पूजेला ठेवलेली, म्हणजे खंडेनवमीला बाहेर निघणारी.

पोलादाचा पुरवठाही जवळच होता. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, निर्मळच्या आसपास आणि निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम येथे मुशीतले पोलाद तयार होत असे आणि ते इराणपर्यंत जाई. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग राळेगाव तालुक्यातल्या वडकीवरून पांढरकवडा, आदिलाबाद करीत निर्मळला पोचतो. उत्तम पोलादाचा हा उगम आणि भोसल्यांची राजधानी यांच्या मधल्या पट्ट्यात हा तालुका येतो.

ओळखीचे प्रकार

कट्यार ही आखूड हत्यारांत सर्वांत वेगळी. इतर सुऱ्यांची मूठ पात्याच्या रेषेत असते, कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि त्यांच्या मध्ये एक किंवा दोन आडव्या दांड्या असतात. दांडी मुठीत धरली की पाते थेट बोटांच्या गाठींपुढे येते आणि ठोशाचा सगळा जोर टोकावर पडतो. मारा कापण्याचा नसून भोसकण्याचा आहे, त्यामुळे पाते बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळते असते आणि पुष्कळदा टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. जाड टोक साखळीच्या चिलखतात घुसताना वाकत नाही. फारसी आणि उत्तरेकडच्या लिखाणात या घराण्याच्या हत्याराला जमधर म्हणतात.

दक्षिणेकडच्या जुन्या कट्यारींत हाताच्या पाठीवर पानासारखी किंवा शिडासारखी फुगीर ढाल असते आणि तिच्या टोकाला कधी नागफणा, कधी याळी हा सिंहासारखा काल्पनिक प्राणी कोरलेला असतो. विजयनगर आणि तंजावर येथे सोळाव्या-सतराव्या शतकांत हे वळण रूढ होते. तंजावरला १८५५पर्यंत भोसल्यांचीच एक शाखा राज्य करीत होती. तिथल्या शस्त्रागारातली बरीच हत्यारे एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या संग्रहालयात गेली. त्यामुळे या वळणाच्या कट्यारींचा अभ्यास तुलनेने पक्क्या आधारावर करता येतो. पुढच्या काळात हाताची ढाल गळाली आणि फक्त दोन पट्ट्या उरल्या. मूठ दाबताच पाते उघडून आतून दुसरे पाते निघणारी कात्रीसारखी कट्यार किंवा बाजूला पिस्तुले जोडलेली कट्यार ही उशिराची, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली कारागिरी आहे. ती लढाईपेक्षा दरबारी कौतुकासाठी अधिक होती.

बिचवा आकाराने लहान आणि दोनदा वळलेला असतो. पाते एकदा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकते. म्हशीच्या शिंगापासून केलेल्या सुऱ्याला असा बाक आपोआप येतो आणि लोखंडी बिचव्याने तोच आकार उचलला असे मानतात. मूठ बहुधा लोखंडी कड्यासारखी, बोटांवरून वळून येणारी असते आणि पाते व मूठ एकाच तुकड्यातून घडवलेली असतात. काही बिचव्यांना दोन पाती असतात. काहींच्या मुठीलाच वाघनखे जोडलेली दिसतात.

चिलानम हे दख्खनचे खास हत्यार. पाते दुहेरी बाकाचे, मधोमध उठलेली शीर, मूठ मध्ये बारीक आणि टोकाला दुभंगलेली. मूठ व पाते सहसा एकसंध पोलादाचे असते. विजापूरच्या चित्रांत सरदारांच्या कमरेला याच घराण्याची हत्यारे दिसतात. त्याची बहीण खंजरली. तिच्या मुठीचे टोक मोठ्या अर्धचंद्रासारखे आणि पुष्कळदा हस्तिदंती असते.

पेशकब्ज एकधारी असतो. त्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली कड असते, त्यामुळे पाते मध्येच आडवे कापले तर आत इंग्रजी टी या अक्षरासारखी आकृती दिसेल. पाते पातळ राहूनही वाकू नये यासाठी ही योजना आहे. फ्रान्सच्या १८७४च्या ग्रास संगिनीचे पातेही याच आकाराचे आहे. एकाच अडचणीवर दोन दूरच्या देशांतील लोहारांनी एकच उत्तर काढले. तेव्हा फक्त पाठीची कड पाहून हत्यार कोणत्या देशाचे हे सांगता येत नाही. त्यासाठी मूठ आणि खुणाही पाहाव्या लागतात.

वाघनखात एका आडव्या पट्टीला चार-पाच वाकडी नखे आणि दोन्ही टोकांना अंगठीसारखी कडी असतात. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेले पाते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गुप्त्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या आहेत आणि त्यांचे ऐतिहासिक मोल फारसे नाही.

पाते वाचताना

ओळख पटवताना आधी पाते पाहावे, मग मूठ, मग म्यान. म्यान सर्वांत लवकर बदलले जाते. मूठही पिढ्यांमागून बदलते. पाते मात्र टिकते.

पात्याची जाडी बुडाशी, मध्यावर आणि टोकापासून दोन सेंटीमीटरवर मोजावी. मुळात आखूड घडवलेल्या पात्याची जाडी ठरावीक रीतीने उतरत जाते किंवा टोकाला पुन्हा वाढते. लांब तलवारीच्या तुकड्यात तसे होत नाही. त्याची पन्हळ, म्हणजे वजन कमी करण्यासाठी लांबीभर खोदलेली खाच, टोकापर्यंत धावते आणि अचानक संपते. कारागिराने टोक नव्याने घासलेले असते, तेव्हा पन्हळीच्या कडा टोकाशी तिरप्या कापल्या जातात. ही खूण भिंगाने स्पष्ट दिसते.

फिरंगी, म्हणजे युरोपीय, पात्याची कट्यार हातात घेतली तर जोडही वेगळा दिसतो. मुठीच्या लोखंडापासून दोन जिभा पुढे निघतात, पाते त्यांच्या मध्ये बसवलेले असते आणि आरपार रिबिटा मारलेल्या असतात. पाते देशी आणि मुठीबरोबरच घडवलेले असेल तर अशा जिभांची गरज सहसा पडत नाही. जुन्या रिबिटेचे डोके हाताने ठोकलेले असते, ते पूर्ण गोल नसते आणि त्याच्याभोवती गंज व तेल मुरून एक काळी कड तयार झालेली असते. तीन रिबिटांपैकी दोन अशा आणि एक चकचकीत गोल असेल तर पाते कधीतरी निसटून पुन्हा बसवले आहे, असे समजावे.

युरोपीय पात्यांवर खुणा असतात. जर्मनीतल्या झोलिंगेनचा धावता लांडगा, जेनोआकडच्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरीच्या जोड्या, आंद्रेआ फेरारा हे नाव अशा खुणा वारंवार आढळतात. पण खूण दिसली म्हणून पाते युरोपीय ठरत नाही. या खुणांना बाजारात किंमत होती, म्हणून देशी लोहारही त्या उमटवत. लिपी न कळणाऱ्या हाताने उमटवलेली अक्षरे उलटी-सुलटी होतात, एखादे गळते, एखादे दोनदा येते. चंद्रकोरीचे दात असमान पडतात. युरोपातही एका गावाची खूण दुसऱ्या गावात चोरली जात होती. खूण हा त्यामुळे पुराव्याचा एकच भाग असतो. पन्हळींची संख्या, पात्याची लवचीकता आणि जोड यांच्याशी ती जुळली तरच तिच्यावर भिस्त ठेवावी.

देशी पाते उत्तम प्रतीचे असेल तर त्यात जौहर असतो, म्हणजे पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी. लोखंड आणि झाडपाला किंवा लाकूड बंद मातीच्या मुशीत घालून ते तासन्‌तास तापवत आणि सावकाश थंड होऊ देत. त्या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का असतो. घडवताना तापमान फार वर जाऊ दिले नाही तर कार्बनयुक्त कठीण कण रांगांनी बसतात आणि त्या रांगांचीच नक्षी दिसते. शिकलगार हिराकशीच्या पाण्याने पाते धुऊन ही नक्षी उठवीत. दोन प्रकारचे लोखंड-पोलाद थरांनी जोडून, पिळून केलेल्या पात्यावरही नक्षी येते. पण तिच्या रेषा ठळक, मोठ्या आणि पुनरावृत्त असतात. आज बाजारात जौहरदार म्हणून विकली जाणारी नवी पाती बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत.

मूठ, मुलामा आणि मधली राळ

बहुतेक देशी सुऱ्यांत आणि तलवारींत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून वितळलेल्या लाखेने किंवा राळेने पक्के करीत. जुनी राळ काळपट, ठिसूळ आणि भेगाळलेली असते. तिच्या जागी पारदर्शक पिवळट थर दिसला तर तो आधुनिक चिकटद्रव आहे.

मुठीवरचे सोने दोन रीतींनी बसवलेले असते. तहनिशानात लोखंडात खाच कोरून सोन्याची तार आत ठोकतात. कोफ्तगरीत पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांच्या खरबरीतपणात तार चिकटवतात. कोफ्तगरी स्वस्त आणि जलद. सोने झिजलेल्या जागी भिंगातून त्या रेघांची जाळी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती पाहुण्यांसाठी जुन्या साध्या हत्यारांवर नव्याने कोफ्तगरी करण्याचा मोठा धंदा चालला. त्यामुळे भरगच्च सोनेरी मूठ ही जुनेपणाची खूण नाही, उलट उशिराची असण्याचा संभव जास्त.

वापराची एक साधी कसोटी कट्यारीला लागू पडते. चार बोटे दोन पट्ट्यांच्या मध्ये नीट बसली पाहिजेत आणि दांडी तळव्यात घट्ट आली पाहिजे. शोभेसाठी ओतलेल्या कट्यारीत ही जागा एकतर फार अरुंद असते किंवा नको इतकी ऐसपैस. शिवाय खरी कट्यार बराच काळ वापरली गेली असेल तर दांडीच्या आतल्या बाजूची नक्षी घासून सपाट झालेली असते आणि बाहेरच्या बाजूची शाबूत असते. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती हाताने झालेली नसून यंत्राने केलेली आहे.

संगिनी आणि फ्रेंच खंदकसुरे

महाराष्ट्रातल्या जुन्या बाजारात कट्यारीपेक्षा जास्त वेळा दिसते ती लष्करी संगीन. त्यातही १९०७च्या नमुन्याची, ली-एनफिल्ड रायफलीवर बसणारी. तिचे पाते १७ इंच, मुठीला दोन लाकडी फळ्या आणि मागे रायफलीवर अडकवण्याची खाच असते. पात्याच्या बुडाशी राजमुकुट, नमुन्याचे साल आणि महिना-वर्षाचा आकडा ठोकलेला असतो. या आकड्यांत एक नेहमीची चूक होते. १९०७ हे नमुन्याचे साल आहे, बनावटीचे नव्हे. बनावटीचे साल शेजारी दोन आकडी लिहिलेले असते. भारतात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही या संगिनी होत आणि त्यांवर कारखान्याची आर.एफ.आय. ही आद्याक्षरे असतात. दुसऱ्या महायुद्धात ईशापूरने आखूड, सुमारे १२ इंच पात्याच्या संगिनी काढल्या आणि जुन्या १७ इंची संगिनीही कापून त्या लांबीच्या केल्या. कापलेल्या संगिनीत पन्हळ टोकाच्या फार जवळ जाते. फिरंगी पात्याच्या कट्यारीत पाहिलेली तीच खूण इथे पुन्हा भेटते.

फ्रेंच खंदकसुरे भारतात क्वचितच मिळतात, पण त्यांच्या ओळखीची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यातील सैनिकांनी हे खंदक पाहिले होते. खडकीला मुख्यालय असलेल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव शापेल गावाच्या हल्ल्यात होत्या आणि तिथे त्यांची जबर हानी झाली. मराठा पायदळाच्या बहुतेक पलटणी मात्र मेसोपोटेमियात लढल्या. 

फ्रेंच सुऱ्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट सैनिकांनी आणि गावच्या लोहारांनी केलेल्या हत्यारांचा. तारेच्या कुंपणाचे लोखंडी खुंट तापवून, एक टोक ठोकून अणकुचीदार करीत आणि दुसरे टोक वाकवून मुठीसारखे वळे करीत. याला फ्रेंच खिळा असे नाव पडले. त्याच्यावर कोणतीही खूण नसते आणि एकाही खिळ्याचे माप दुसऱ्याशी जुळत नाही. नकली खिळा करणे सर्वांत सोपे असल्यामुळे संग्राहक त्याच्याबाबत सर्वांत सावध असतात.

दुसरा गट कापलेल्या संगिनींचा. लेबेलच्या संगिनीचे पाते अधिक चिन्हासारखे, चार खोबणींचे असते. ते सुऱ्यात गेले तरी हा आकार लपत नाही. ग्रासच्या संगिनीच्या पाठीवर शस्त्रशाळेचे नाव आणि महिना-साल तिरप्या अक्षरांत कोरलेले असते. सुऱ्याच्या पाठीवर सेंत एतिएन हे शस्त्रशाळेचे नाव आणि १८७४ ते १८८०च्या दरम्यानचे साल वाचता आले तर पाते त्या काळातले ठरते. सुरा मात्र त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी, १९१४नंतर झालेला असतो. पात्याचे वय आणि हत्याराचे वय वेगळे असू शकते हे दाखवणारा याहून स्वच्छ नमुना नाही.

तिसरा गट कारखान्यांतून रीतसर काढलेल्या सुऱ्यांचा. ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातले तिए हे चाकू-सुऱ्यांचे जुने गाव आणि तिथल्या अनेक कारखान्यांनी सैन्यासाठी सुरे पुरवले. १९१६च्या नमुन्याचा सुरा वीतभरापेक्षा कमी पात्याचा, दुधारी, मुठीपुढे पोलादी आडवी पट्टी आणि साधी लाकडी मूठ असा असतो. काहींच्या पात्यावर १८७०चा सूड घेणारा अशा अर्थाचे फ्रेंच शब्द ठोकलेले असतात. प्रशियाकडून झालेल्या त्या वर्षीच्या पराभवाची ही आठवण. पुढे १९१८मध्ये अमेरिकी सैन्यासाठी चार बोटांची पितळी मूठ असलेला सुरा निघाला. त्याचा काही साठा फ्रान्समध्ये तयार झाला आणि त्यावर बसलेल्या सिंहाची खूण आहे. या नमुन्याच्या नकला इतक्या झाल्या आहेत की मूठ ओतीव आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. अक्षरांच्या कडा, सिंहाच्या रेघा आणि मुठीतून आरपार गेलेल्या शेपटाचे ठोकलेले टोक हे सगळे अस्सल नमुन्याशी ताडून पाहावे लागते.

नकला आणि त्यांच्या खुणा

राजस्थानात, विशेषतः उदयपुरात, आजही उत्तम कट्यारी होतात आणि त्या नव्या म्हणूनच विकल्या तर त्यात गैर काही नाही. फसवणूक सुरू होते ती त्यांना आम्लात बुडवून जुने रूप दिल्यावर. आम्लाने खाल्लेले लोखंड सर्वत्र सारख्याच बारीक खड्ड्यांनी भरते. खरा गंज तसा नसतो. म्यानाचे तोंड जिथे लागते, हाताचा घाम जिथे मुरतो, कुंकू जिथे साचते तिथे तो खोल असतो आणि इतरत्र उथळ. जुन्या कोरड्या गंजाचा रंग काळसर तपकिरी, ताज्याचा नारिंगी.

विजेच्या घासणी चाकाच्या रेघा समांतर आणि एकसारख्या वाकलेल्या असतात. हाताने कानस चालवलेल्या रेघांची दिशा मध्येच बदलते. जोडाच्या जागी माशाच्या खवल्यांसारख्या उमटलेल्या वेल्डिंगच्या लहरी दिसल्या तर तो जोड विसाव्या शतकापूर्वीचा नाही. जुना कारागीर रिबीट मारी, तापवून ठोके किंवा तांब्या-पितळेने झाळ लावी. झाळ लावलेल्या सांध्यात तांबूस-पिवळी रेघ दिसते.

घराण्याची गोष्ट आणि वस्तूची साक्ष

हत्याराबरोबर गोष्ट येते आणि ती सहसा मोठ्या माणसाची असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. ती जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून तिथे गेली. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला होता. वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर त्यांचे नाते शिवाजी महाराज आणि प्रतापगडाच्या १६५९मधील भेटीशी जोडतो. संग्रहालयाने मात्र तसे खात्रीने सांगता येत नाही, अशीच भूमिका घेतली आहे. जुलै २०२४मध्ये ही वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हाही हा वाद झाला. वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे, हे कागदावर आहे. त्याआधीच्या दीडशे वर्षांचा दुवा कागदावर नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात आणि नोंदीत दोन्ही लिहायची असतात.

याच्या उलट उदाहरण नागपूरकरांच्या तलवारीचे. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या लिलावात आलेली रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघूजींचे नाव, सेनासाहेब सुभा हा किताब आणि फिरंग हा शब्द कोरलेला आहे. इथे गोष्ट सांगणाऱ्याची गरज उरत नाही, कारण मालकाचे नाव आणि पात्याचे मूळ दोन्ही वस्तूवरच लिहिलेले आहेत. असा लेख असलेले हत्यार विरळा. बाकी सर्वांच्या बाबतीत घराण्याची आठवण सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी वेगळी लिहावी. वस्तूवरून निघणारा निष्कर्ष वेगळ्या रकान्यात जावा.

नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : एकूण लांबी, पात्याची लांबी, बुडाशी रुंदी, तीन जागांची जाडी, वजन, पन्हळींची संख्या, सर्व खुणांची रेखाटने, दुरुस्तीच्या जागा, म्यानाचे वर्णन आणि मोजपट्टीसह दोन्ही बाजूंची छायाचित्रे. तुलनेसाठी विदर्भातल्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे हे संग्रहालय १८६३मध्ये सुरू झाले आणि त्यात शस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथेही तारीख-ठिकाण ठाऊक असलेले नमुने पाहता येतात.

जतन

देवघरातल्या हत्यारांचे सर्वांत जास्त नुकसान भक्तीने केलेल्या साफसफाईमुळे होते. चिंच, लिंबू, राख, वाळू किंवा पॉलिश कागद यांनी पाते घासले की जौहर, कोफ्तगरी आणि खुणा एकदम नाहीशा होतात. ओले हळद-कुंकू लोखंडावर राहिले तर त्याखाली गंज धरतो. पूजा झाल्यावर ते कोरड्या मऊ ब्रशाने काढावे. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये. ते कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि आंबट पडते. शिलाई यंत्राचे हलके खनिज तेल सुती फडक्याने पातळ लावून पुसून घेतले की पुरते. ताजा नारिंगी गंज तेलात भिजवून लाकडी काडीने हलकेच सोडवावा. काळसर तपकिरी थर तसाच राहू द्यावा, कारण तो खालच्या लोखंडाचे रक्षण करतो आणि वयाचा पुरावाही असतो.

पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नये, घामातल्या क्षारांचे ठसे महिन्याभरात गंजून उमटतात. पावसाळ्यात पाते म्यानात ठेवू नये. जुने चामडे आणि मखमल ओल धरून ठेवतात. म्यान व पाते वेगळे, सुती कापडात, बंद पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

कायद्याची चौकट

धारदार शस्त्रे १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे यांचा शस्त्रांच्या यादीत समावेश आहे. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. कुठल्या भागात कोणत्या शस्त्राला परवाना लागतो हे अधिसूचनेवर अवलंबून असल्यामुळे वस्तू विकत घेण्याआधीच जिल्हादंडाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करणे हाच सुरक्षित मार्ग. सार्वजनिक ठिकाणी हत्यार मिरवणे हा वेगळा गुन्हा ठरू शकतो, मग ते कितीही जुने असो.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना जमिनीतून काही निघाले तर १८७८चा भूमिगत निधीचा कायदा लागू होतो आणि त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तेव्हा वर्धेकाठच्या काळ्या जमिनीत फाळाला लोखंडाचा वाकडा तुकडा लागला तर तो न घासता, न धुता, सापडल्या जागेच्या गट क्रमांकासह आणि खोलीसह कळवावा. सापडल्याची जागा आणि खोली ही माहिती एकदा हरवली की ती पुढे कोणत्याही तपासणीने परत मिळत नाही.